चौदा वर्षांचा वायदा

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस शहराला लागूनच, गार्लंड नावाचे एक उपनगर आहे. तेथील ‘थ्रीडी रेल्म्स’ या लहानशा कंपनीने 28 एप्रिल 1997 रोजी असे जाहीर केले की, आदल्या वर्षी जगभर गाजलेल्या आपल्या ‘ड्यूक न्यूकम थ्रीडी’ या संगणकीय खेळाचा पुढला भाग, ‘ड्यूक न्यूकम फॉरएव्हर’, आता हाती घेण्यात आला असून तो पुढील वर्षी ग्राहकांच्या हाती पडेल. हा खेळ प्रत्यक्षात दुकानांत आला तो 10 जून 2011 रोजी. चौदा वर्षे म्हटली की मराठी मनाला वनवास आठवावा हे स्वाभाविकच आहे. परंतु रामाच्या वनवासाची मुदत कैकेयीने वर मागतानाच मुक्रर करून टाकली होती, आणि ड्यूकच्या बाबतीत नेमकी तेवढीच गोष्ट कोणी केली नाही, किंवा ज्यांनी करू पाहिली त्यांचे कोणी ऐकले नाही.

रखडलेल्या कामांची आपल्याला काही अपूर्वाई नाही. मात्र आपल्याकडचे काम रखडते ते बहुधा पैसा संपतो म्हणून, मंजुरी येत नाही म्हणून, किंवा मक्तेदार पळून जातो म्हणून. ड्यूकच्या दिरंगाईची कथा ऐकण्याजोगी आहे ती यासाठी की, येथे पैसा होता, कर्तबगार माणसे होती, कामाची आवड तर इतकी होती की तिला आसक्ती म्हणावे, आणि वाट पाहणारा ग्राहकही दाराशी उभा होता. म्हणजे ज्या ज्या गोष्टींच्या अभावाला आपण कार्यनाशाचे कारण समजतो त्या सर्व गोष्टी हात जोडून हजर असताना हे काम बुडाले. आणि माझे मत असे आहे की, त्या हजर होत्या म्हणूनच ते बुडाले.

या धंद्याचा शिरस्ता असा की, खेळ रचणारी मंडळी निराळी आणि त्यांना भांडवल पुरविणारा, खेळ छापून बाजारात नेणारा प्रकाशक निराळा. प्रकाशक पैसा एकरकमी देत नाही. कामाचे टप्पे ठरतात, प्रत्येक टप्प्याला तारीख लागते, आणि टप्पा पुरा झाल्याची रुजुवात झाली म्हणजे हप्ता सुटतो. खेळ रचणाऱ्यांच्या तोंडून ऐकाल तर हा प्रकाशक म्हणजे कलेचा शत्रू, पानपट्टीवरचा सावकार आणि अर्धाकच्चा माल बाजारात ढकलणारा व्यापारी यांची एकत्रित मूर्ती होय. तो आरोप पुष्कळदा खराही असतो. परंतु त्याच्या त्या अरसिक तगाद्याचा एक उपयोग असा असतो की, कोणते काम आता करावयाचे नाही, याचा निकाल त्याच्या तारखेमुळे आपोआप लागतो.

‘ड्यूक न्यूकम थ्रीडी’ हा जानेवारी 1996 मध्ये आलेला खेळ. काळा चष्मा, आखूड कापलेले पिवळे केस, तोंडात सिगार, आणि परग्रहावरून आलेल्या राक्षसांना गोळ्या घालता घालता फुशारक्या मारणारा त्याचा नायक म्हणजे अमेरिकन मारधाडपटांतील नायकांचे हेतुपुरस्सर केलेले भडक विडंबन होते. त्याच्या सुमारे 35 लाख प्रती खपल्या. कंपनीचे मालक जॉर्ज ब्रुसार्ड आणि स्कॉट मिलर यांच्या गाठी इतका पैसा जमा झाला की, पुढल्या खेळासाठी त्यांना कोणापुढे हात पसरण्याची गरज उरली नाही. जीटी इंटरॅक्टिव्ह या प्रकाशकाकडून त्यांनी 4 लाख डॉलर एवढीच उचल घेतली आणि उरलेला सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करावयाचे ठरविले. त्यामुळे तगादा लावण्याचा हक्कच कोणाला उरला नाही. खेळ केव्हा येणार असे विचारता कंपनीचे ठरलेले उत्तर असे, ‘तयार होईल तेव्हा’. प्रथम ऐकताना यात कारागिराचा स्वाभिमान दिसतो. दहाव्या वर्षी त्याच वाक्याचा सूर बदललेला असतो.

आता या खेळांच्या अंतरंगाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पडद्यावर दिसणारी इमारत, तिच्यावर पडणारा प्रकाश, गोळी लागताच फुटणारी काच, दाराआड लपलेला राक्षस, हे सर्व ज्या मूळ प्रणालीवर चालते तिला धंद्यात ‘इंजिन’ म्हणतात. ते स्वतः घडवावे किंवा दुसऱ्याने घडविलेले परवान्याने विकत घ्यावे, असे दोन मार्ग असतात. थ्रीडी रेल्म्सने ‘क्वेक 2’ या त्या काळच्या अद्ययावत खेळाचे इंजिन विकत घेतले, त्यावर सहा-आठ महिने काम केले, आणि मे 1998 मध्ये अटलांटा येथील ई-थ्री या धंद्याच्या वार्षिक प्रदर्शनात त्याची चित्रफीत दाखविली. ती पाहून लोक खूश झाले. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले की, क्वेकचे इंजिन आपण सोडून देत असून ‘अनरियल’ या नव्या इंजिनावर खेळ नेत आहोत. कारण खोटे नव्हते. कथा घडावयाची होती लास व्हेगास नगरीत आणि तिच्या सभोवारच्या ओसाड वाळवंटात. क्वेकचे इंजिन बंदिस्त दालनांत उत्तम चाले, पण मोकळ्या मुलखात त्याची दमछाक होई, आणि अनरियल तेथे सरस होते. या स्थलांतराला महिना, फार तर दीड महिना लागेल, असे ब्रुसार्ड यांनी त्या वेळी सांगितले.

नाटकाची तालीम रंगविलेल्या पडद्यांपुढे पुरी बसविल्यावर मालकाने फिरता रंगमंच आणला, तर संवाद तेच राहतात. पण कोणी कोठून यावयाचे, कोठे थांबावयाचे, दिवा कोठे लावावयाचा आणि दोन प्रवेशांमधील अंतर किती, हे सारे नव्याने बसवावे लागते. येथेही तसेच झाले. रचलेली दालने, त्यांतील प्रकाशयोजना, पात्रांच्या हालचाली, यांतील बहुतेक भाग टाकून द्यावा लागला. त्यापेक्षा वाईट गोष्ट अशी की, असे टाकून देता येते आणि त्याचा जाब कोणी विचारत नाही, याची मालकांना सवय लागली.

त्या दशकात संगणकाची चित्रण-क्षमता दर वर्षा-दोन वर्षांनी एक पायरी वर चढत होती. 1998 च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ’ आला, 2001 मध्ये ‘हेलो’, 2004 मध्ये ‘डूम 3’ आणि ‘हाफ-लाइफ 2’. प्रत्येकाने काही नवे दाखविले, आणि प्रत्येक वेळी गार्लंडच्या कचेरीत आपल्या अर्धवट खेळाचे मोजमाप त्या पुऱ्या झालेल्या खेळाशी केले गेले. ‘वायर्ड’ मासिकाने 2009 साली या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत छापला, त्यातील एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. एके दिवशी ब्रुसार्ड यांनी खेळात बर्फाच्छादित प्रदेश पाहिजे असा आग्रह धरला. वाळवंटातल्या कथेत बर्फ कशासाठी, हे सहकाऱ्यांना उमजेना. मग उलगडा झाला की, बर्फाळ दक्षिण ध्रुवावरील कथानकाचा ‘द थिंग’ हा दुसऱ्या कोणाचा तरी खेळ त्यांनी नुकताच खेळून पाहिला होता. सर्वोत्तम खेळ करावयाचा हा त्यांचा निश्चय प्रामाणिक होता, यात मला शंका नाही. पण सर्वोत्तम म्हणजे काय, हे दर सहा महिन्यांनी परका मनुष्य ठरवू लागला, म्हणजे त्या निश्चयाला अंत राहत नाही.

2001 च्या ई-थ्री प्रदर्शनात दुसरी चित्रफीत दाखविण्यात आली, आणि जाणकारांचे आजही असे मत आहे की, त्या चित्रफितीत दिसतो तसा खेळ जर वर्षभरात पुरा करून बाजारात आणला असता तर तो त्या वर्षीचा मानकरी ठरला असता. (त्या अवस्थेतील अपुरा खेळ 2022 साली कोठून तरी फुटून बाहेर आला, तेव्हा लोकांना ही हळहळ पुन्हा एकदा करावयास मिळाली.) पण त्यानंतर कंपनीने मौन धरले ते जवळजवळ सहा वर्षे. दरम्यान प्रकाशनाचे हक्क हातोहात फिरून टेक-टू या न्यूयॉर्कच्या बड्या कंपनीकडे आले होते. 2003 मध्ये तिने या खेळापायी 55 लाख डॉलर बुडीत खाती टाकले आणि आपण याच्या आगमनाची आशा धरलेली नाही असे सुचविले. त्यावर ब्रुसार्ड यांनी तिला तोंड आवरण्यास सांगितले, तेही अशा शब्दांत की जे येथे देता येणार नाहीत. 2006 अखेर खेळ दिल्यास 5 लाख डॉलर बक्षीस, असे आमिष दाखवून झाले, तेही झिडकारण्यात आले. ज्याला पैशाची गरज नाही त्याला बक्षिसाचा मोह कसा पडावा!

आणि गरज नव्हती, कारण बाहेरून पैसा येत होता. फिनलंडमधील रेमेडी कंपनीने रचलेल्या ‘मॅक्स पेन’ या खेळात थ्रीडी रेल्म्सची भागी होती. तो यशस्वी झाला आणि त्याचे हक्क 2002 मध्ये विकले गेले, तेव्हा कंपनीच्या पदरी कोट्यवधी डॉलर पडले. याच कंपनीचा ‘प्रे’ नावाचा आणखी एक खेळ 1995 पासून रखडला होता. तो ह्यूमन हेड या दुसऱ्या मंडळींकडे सोपविल्यावर 2006 मध्ये बाजारात आला आणि बऱ्यापैकी चाललाही. स्वतःच्या घरातले हे उदाहरण समोर असताना त्यापासून कोणी बोध घेतला नाही, याचे मला सर्वांत नवल वाटते.

2003 मध्ये ड्यूकवर अवघी 18 माणसे काम करीत होती. 1997 साली तेवढी पुरली असती. पण दरम्यानच्या काळात प्रतिस्पर्धी खेळांवर पन्नास-पन्नास, शंभर-शंभर जण राबू लागले होते. ब्रुसार्ड यांना ऐन विशीतल्या उत्साहाची, हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या मित्रमंडळींची पद्धत सोडवेना, आणि अपेक्षा मात्र शंभर हातांच्या कामाची. मग जे होते तेच झाले. तरुण रचनाकारांनी उमेदीची पाच-सहा वर्षे ज्या खेळाला दिली तो त्यांच्या नावावर लागेना. या धंद्यात बाजारात आलेला खेळ हीच खरी सनद असते. 2005-06 मध्ये अनेक जण सोडून गेले. पुढे भरती वाढविण्यात आली, बाहेरून अनुभवी माणसे आणली गेली, काम खरोखरच वेग घेऊ लागले. आणि अशा वेळी तिजोरीने तळ दाखविला.

दोघा मालकांचे 2 कोटी डॉलरांहून अधिक पैसे या कामी खर्ची पडले होते. 2009 मध्ये प्रथमच त्यांनी टेक-टूकडे 60 लाख डॉलर मागितले. टेक-टूने अर्धी रक्कम आता, अर्धी खेळ पुरा झाल्यावर, अशा बोलीवर 50 लाखांची तयारी दाखविली. ब्रुसार्ड यांनी ती नाकारली. 6 मे 2009 रोजी सर्व मंडळींना घरी पाठविण्यात आले. त्याच महिन्यात टेक-टूने कराराप्रमाणे माल दिला नाही अशी फिर्याद गुदरली, जिची पुढल्या वर्षी तडजोड झाली. मात्र घरी पाठविलेल्यांपैकी काही जणांनी ‘ट्रिप्टिक’ नावाची एक छोटी संस्था काढून, आपापल्या घरांतून, कोणाचा आदेश नसताना काम चालू ठेवले. त्यांत 1996 च्या मूळ खेळाचा एक रचनाकार अॅलन ब्लमही होता. थ्रीडी रेल्म्समध्येच उमेदवारी केलेले रँडी पिचफर्ड आता गिअरबॉक्स या कंपनीचे धनी झाले होते. त्यांनी हक्क विकत घेतले, या मंडळींना आसरा दिला, आणि सप्टेंबर 2010 मध्ये सिअॅटलच्या जत्रेत लोकांना खेळ प्रत्यक्ष खेळावयास दिला. तारीख ठरली, एकदा महिनाभर पुढे ढकलली गेली, आणि ती पाळली गेली. बारा वर्षे न झालेले काम, हाताशी असलेल्या तुकड्यांची मोट बांधून, दोन वर्षांत उरकले.

खेळ कसा होता? वाईट होता, असे स्पष्ट सांगितले पाहिजे. समीक्षकांनी त्याला शंभरांपैकी सरासरी पन्नासच्या आसपास गुण दिले. पण तो केवळ वाईट नव्हता. उत्खननातल्या खंदकाच्या भिंतीत निरनिराळ्या शतकांचे थर दिसावेत तसे त्यात गेल्या दीड दशकातील खेळांच्या फॅशनींचे थर दिसत. जुना ड्यूक एकाच वेळी दहा-दहा शस्त्रे अंगावर बाळगी. नव्या ड्यूकला ‘हेलो’नंतर रूढ झालेल्या रिवाजाप्रमाणे फक्त दोन मिळाली. कोठे ‘हाफ-लाइफ 2’सारखी वजने सरकवून सोडवावयाची कोडी, कोठे मोटार हाकणे. खेळाच्या आरंभीच एका खोलीत पांढरा फळा आहे. खेळणाऱ्याने मार्कर उचलून त्यावर वाटेल ते लिहावे, चित्र काढावे, पुसावे, इतकी ती सोय बारकाईने केलेली आहे. तो फळा पाहून मला त्या मंडळींविषयी कणव आली. दालने उभी नाहीत, शेवट ठरलेला नाही, आणि कोणीतरी अत्यंत निष्ठेने मार्करची रेघ हुबेहूब उमटावी म्हणून झटतो आहे! नायकाच्या फुशारक्या आणि स्त्रियांविषयीचे आचरट विनोद 1996 च्या पोरसवदा गिऱ्हाइकाला खपले होते. 2011 मध्ये ते गिऱ्हाईक संसारी झाले होते.

नुसता विलंब हाच दोष म्हणावा तर त्याला अपवाद आहेत. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘टीम फोर्ट्रेस 2’ 1999 मध्ये दाखविला गेला आणि 2007 मध्ये आला. मधल्या काळात त्याचे रूप वास्तववादी लष्करी खेळापासून व्यंगचित्राच्या धाटणीपर्यंत पार पालटले, आणि तो कमालीचा यशस्वी ठरला. व्हॉल्व्हलाही पैशाची ददात नव्हती, पण तेथील माणसे दरम्यान दुसरे खेळ पुरे करून बाजारात पाठवीत होती. पुरे करण्याची सवय मोडली नव्हती. ताजे उदाहरण ऑस्ट्रेलियातील अॅडलेड शहराचे. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ हा खेळ फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर झाला, आणि चिमूटभर माणसांच्या टीम चेरीने तो सप्टेंबर 2025 मध्ये आणला, तेव्हा पहिल्याच तासात इंटरनेटवरील मोठमोठी विक्रीकेंद्रे गर्दीने कोलमडली. त्यांच्यापैकी अॅरी गिब्सन यांनी मुलाखतीत सांगितलेली एक गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे: जे काही आपण वहीत रेखाटतो ते शेवटी खेळात घालावेच लागते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी रेखाटनच थांबविले. प्रकाशक नव्हता, म्हणून प्रकाशकाचे काम त्यांनी स्वतःच केले.

ड्यूकचा दीर्घसूत्रीपणाचा विक्रम 2022 मध्ये मोडला. फ्रान्समधील माँपेलिए येथे मिशेल आंसेल यांनी योजिलेला ‘बियाँड गुड अँड ईव्हिल 2’ 2008 मध्ये चित्रफितीतून प्रकट झाला, 2017 मध्ये नव्या रूपात पुन्हा प्रकट झाला, 2020 मध्ये आंसेल कंपनी सोडून गेले, आणि खेळ अद्याप आलेला नाही. त्याची मालक असलेल्या युबिसॉफ्ट कंपनीच्या दुसऱ्या एका खेळाशी आपला थेट संबंध आहे. तिची एक शाखा 2008 पासून पुण्यात, दुसरी 2018 पासून मुंबईत आहे. ‘जस्ट डान्स’सारख्या मालिकांत हातभार लावीत आलेल्या पुण्याच्या मंडळींकडे, मुंबईच्या साह्याने, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती सोपविण्यात आली. सप्टेंबर 2020 मध्ये ती जाहीर झाली आणि अवघ्या चार महिन्यांनंतरची, जानेवारी 2021 ची, तारीख देण्यात आली. चित्रफीत पाहून चेहरे नि प्रकाशयोजना जुनाट वाटतात अशी जगभर टीका झाली. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत तहकूब झाली, आणि मे 2022 मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मूळ खेळ जेथे जन्मला त्या माँट्रिअलला नेण्यात आले. आपल्याकडे याचा अर्थ ‘आपल्या पोरांना जमले नाही’ असा परस्पर लावला गेला. पण माँट्रिअलला जाऊन दोन वर्षे झाल्यावर, जून 2024 मध्ये, जो नवा वायदा झाला तो 2026 चा होता. म्हणजे जे काम घोषणेनंतर चार महिन्यांत पुण्याकडून पुरे होणे अपेक्षिले गेले त्याला अनुभवी हातांनीही चार वर्षे मागून घेतली. गार्लंडला तारीख नव्हती, पुण्याला ती कामाचा अंदाज येण्याआधीच लागली होती.

तारीख मागणारा प्रकाशकच नको, असे ठरवून चाललेला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे ‘स्टार सिटिझन’. ‘विंग कमांडर’ या जुन्या खेळाचे कर्ते क्रिस रॉबर्ट्स यांनी ऑक्टोबर 2012 मध्ये अंतराळप्रवासाच्या या खेळासाठी थेट लोकांकडूनच वर्गणी मागितली आणि 2014 चा वायदा केला. 2024 पर्यंत जमा झालेली वर्गणी 70 कोटी डॉलरांच्या पुढे गेली. हा पैसा येतो तो मुख्यतः खेळातील अवकाशयानांच्या विक्रीतून, आणि यातील काही याने विकली जातात तेव्हा ती अजून रचलेलीही नसतात. 2018 मध्ये जवळजवळ सर्व यानांचा एकत्र संच 27 हजार डॉलरांना ठेवण्यात आला होता. अपुऱ्या खेळात लोक रोज विहार करतात, त्यातील दोषांवर कडाडून टीका करतात आणि पुढले यानही विकत घेतात. लाखो वर्गणीदारांना मिळून एक प्रकाशक होता येत नाही. उलट प्रत्येकाची एक-एक मागणी पुरविता पुरविता कामाचा पसारा वाढत राहतो. या खेळाचा एकट्याने खेळावयाचा भाग, ‘स्क्वाड्रन 42’, हाही मूळच्या वायद्याप्रमाणे 2014 मध्येच यावयाचा होता. ऑक्टोबर 2024 मध्ये मँचेस्टर येथे भरलेल्या वर्गणीदारांच्या मेळाव्यात त्याचा आरंभीचा भाग मंचावर खेळून दाखविण्यात आला, तो मध्येच बंद पडला, पुन्हा सुरू करावा लागला, आणि शेवटी 2026 हे साल सांगण्यात आले.